पायसाइड६ : झूम करताना कर्सरखालचा भाग निसटतो, मोठ्या चित्राला मेमरी पुरत नाही

प्रश्न

पायसाइड६ मध्ये (क्यूटी ही खिडक्यांचे प्रोग्रॅम लिहायची लायब्ररी पायथनमधून वापरायचं पॅकेज) एक डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहितो आहे. स्कॅन केलेल्या नकाशांच्या जेपेग आणि टिफ फाइली उघडायच्या, माउसच्या चाकाने झूम करायचं, चित्र धरून ओढायचं, आणि क्लिक केलेल्या जागी खूण करून मूळ चित्रातला पिक्सेल नोंदवायचा, एवढं काम आहे. सगळ्यात मोठी फाइल १२००० × ८००० पिक्सेलची आहे.

सध्या क्यूस्क्रोलएरियात (स्क्रोलबार असलेली चौकट) एक क्यूलेबल (चित्र दाखवणारा घटक) ठेवलं आहे आणि त्याचं सेटस्केल्डकंटेंट्स, म्हणजे चित्र लेबलच्या आकाराला ताणणं, चालू आहे. चाक एक खाच फिरलं की माप १.२५ ने गुणतो किंवा भागतो आणि लेबलला त्या मापाचं रिसाइझ करतो.

झूम केल्यावर कर्सरखालचा भाग उजवीकडे खाली पळतो, मग तो शोधत पुन्हा ओढावं लागतं. २०० टक्क्यांच्या पुढे प्रोग्रॅम काही सेकंद गोठतो आणि कधी बंदच पडतो. ४०० टक्क्यांना पिक्सेलच्या कडा धुरकट दिसतात, त्यामुळे नेमका पिक्सेल निवडता येत नाही. उलट १० टक्क्यांना नकाशातल्या बारीक रेषा तुटक दिसतात आणि जाळीदार भागावर लाटा उमटतात.

क्यूग्राफिक्सव्ह्यू (झूम आणि स्क्रोल करून चित्र दाखवणारा क्यूटीचा तयार घटक) वापरावं की सगळं हाताने लिहावं? हाताने लिहायचं तर हिशोब कसा मांडायचा?

उत्तर १

आधी गोठण्याचं कारण. सेटस्केल्डकंटेंट्स चालू असताना क्यूलेबल स्वतःच्या आकाराएवढी चित्राची अख्खी नवी प्रत तयार करतं. २०० टक्क्यांना ती प्रत २४००० × १६००० होते. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर १,५३,६०,००,००० बाइट, म्हणजे दीड गिगाबाइट. १६०० × ९०० च्या खिडकीत त्यातले सहा मेगाबाइटसुद्धा दिसत नाहीत. ही रचना दुरुस्त करत बसू नका, बदला.

कर्सरखालचा भाग पळतो कारण लेबल वरच्या डाव्या कोपऱ्यापासून वाढतं आणि स्क्रोलबारची किंमत मात्र होती तीच राहते. जुनी रचना काही दिवस ठेवावीच लागणार असेल तर रिसाइझनंतर दोन्ही स्क्रोलबारना ही किंमत द्या :

नवी किंमत = गुणक × (जुनी किंमत + क) − क

इथे क म्हणजे व्ह्यूपोर्टच्या (चित्र जिथे दिसतं त्या जागेच्या) डाव्या किंवा वरच्या कडेपासून कर्सरचं अंतर. क्यूटीच्या नमुना इमेज व्ह्यूअरमध्ये क च्या जागी पेजस्टेपचा (एका वेळी दिसणाऱ्या भागाच्या लांबीचा) अर्धा घेतला आहे, म्हणून तिथे झूम खिडकीच्या मध्याभोवती होतो.

क्यूग्राफिक्सव्ह्यूने तुमचं काम बऱ्यापैकी लवकर उभं राहील. सीनमध्ये (व्ह्यू जी दाखवतो त्या जागेत) एक क्यूग्राफिक्सपिक्समॅपआयटम टाका, ड्रॅगमोड स्क्रोलहँडड्रॅग करा, ट्रान्सफॉर्मेशनअँकर अँकरअंडरमाउस करा आणि व्हीलइव्हेंट ओव्हरराइड करून त्यात फक्त स्केल बोलवा. व्हीलइव्हेंटमध्ये मूळ क्लासची मेथड बोलवू नका, नाहीतर झूमबरोबर चित्र वरखाली स्क्रोलही होतं. खुणांचे आयटम आयटमइग्नोअर्सट्रान्सफॉर्मेशन्स या फ्लॅगसह टाकले की त्या कोणत्याही झूमला तेवढ्याच आकाराच्या दिसतात.

यात ठराविक जागी लोक अडकतात. कन्स्ट्रक्टरमध्ये फिटइनव्ह्यू (चित्र खिडकीत मावेल असं माप लावणारी मेथड) बोलावलं तर चित्र नखाएवढं दिसतं, कारण तेव्हा व्ह्यूपोर्टला खरा आकार मिळालेलाच नसतो. पहिल्या शोइव्हेंटला बोलवा. रिसाइझइव्हेंटमधून फिटइनव्ह्यू बोलवायचं असेल तर स्क्रोलबारचं धोरण कायम बंद किंवा कायम चालू ठेवा. ते आपोआपवर असलं की बार येतो, जागा कमी होते, पुन्हा फिट होतं, बार जातो, जागा वाढते, आणि हे चक्र फिरत राहतं. फिटइनव्ह्यू कडेला २ पिक्सेलची मोकळी पट्टीही सोडतं. ती नको असेल तर गुणोत्तर स्वतः काढून सेटट्रान्सफॉर्म करा.

अँकरअंडरमाउसची मर्यादाही आधीच लक्षात घ्या. सीन पूर्ण खिडकीत मावत असेल तर अँकर काहीच करत नाही, व्ह्यूचं अलाइनमेंट चित्राला मध्यभागी बसवतं. म्हणून फिटपासून झूम सुरू केला की पहिल्या एकदोन खाचांना कर्सरखालचा भाग हलतो आणि स्क्रोलबार आल्यावर स्थिर होतो. उपाय म्हणजे सीनरेक्ट चित्रापेक्षा चारही बाजूंनी मोठा ठेवणं.

उत्तर २

उत्तर १ मधलं सगळं बरोबर आहे. तरी पिक्सेल निवडायचं काम असेल तर मी क्यूग्राफिक्सव्ह्यू सुचवणार नाही. त्यात चित्राची जागा स्क्रोलबारच्या पूर्णांकांतून ठरते, मधे मधे अलाइनमेंट हात घालतं, आणि कडेला काय होतं त्यावर आपला ताबा राहत नाही. एकच चित्र आणि थोड्या खुणा असतील तर साधं क्यूविजेट (खिडकीतला रिकामा घटक) घ्या आणि पेंटइव्हेंट (त्यावर चित्र काढणारी मेथड) स्वतः लिहा. हिशोब छोटा आहे आणि एकदा बसला की कोणत्याही टूलकिटमध्ये तसाच चालतो.

तीनच संख्या साठवा : माप, ऑफसेट क्ष, ऑफसेट य. तिन्ही दशांशात. ऑफसेट म्हणजे चित्राचा वरचा डावा कोपरा खिडकीत कुठे पडतो ते.

खिडकीतला बिंदू = चित्रातला बिंदू × माप + ऑफसेट
चित्रातला बिंदू = (खिडकीतला बिंदू − ऑफसेट) ÷ माप

झूम करताना अट एवढीच, की कर्सरखालचा चित्रबिंदू आधी आणि नंतर त्याच जागी असला पाहिजे. त्यातून निघतं :

नवा ऑफसेट = कर्सर − (कर्सर − जुना ऑफसेट) × (नवं माप ÷ जुनं माप)

आकडे घालून पाहा. माप ०.५, ऑफसेट (१००, ४०), कर्सर (४००, २४०). कर्सरखाली चित्रातला (६००, ४००) हा बिंदू आहे. माप १ केलं की नवा ऑफसेट (−२००, −१६०) येतो, आणि ६०० − २०० = ४००, ४०० − १६० = २४०. बिंदू जागेवर. हेच उदाहरण टेस्ट म्हणून लिहून ठेवा, गुणाकाराच्या जागी भागाकार झाला तर लगेच पकडलं जाईल.

इथली नेहमीची चूक म्हणजे सूत्र वापरण्याआधीच मापाच्या व्हेरिएबलमध्ये नवी किंमत टाकणं. मग गुणोत्तर १ येतं, ऑफसेट बदलत नाही आणि तुमची पहिली अडचण पुन्हा हजर होते. मापावर किमान आणि कमाल मर्यादा घालायची तीही गुणोत्तर काढण्याआधी. नाहीतर कमाल झूमला पोचल्यावर माप बदलत नाही, पण चाकाच्या प्रत्येक खाचेला चित्र सरकत राहतं.

माप दर वेळी १.२५ ने गुणत आणि भागत राहिलात तर बरोबर १०० टक्के पुन्हा मिळेलच असं नाही. फिट केलेलं माप समजा ०.१३३ असेल, तर त्यातून १.२५ च्या पायऱ्यांनी १ कधीच येणार नाही. म्हणून पायऱ्या अशा घ्या : माप = २ चा (न ÷ ४) वा घात, जिथे न पूर्णांक. चार खाचांत दुप्पट, एका खाचेला साधारण १.१९ पट, आणि २५, ५०, १००, २००, ४०० टक्के तंतोतंत मिळतात. फिटवरून येताना लॉगरिदमने सध्याचं न काढायचं, ते पूर्णांक नसेल तर झूमच्या दिशेचा लगतचा पूर्णांक घ्यायचा.

पॅनसाठी, म्हणजे चित्र ओढण्यासाठी, माउस दाबल्यावर कर्सर आणि ऑफसेट दोन्ही साठवा. हलताना ऑफसेट = सुरुवातीचा ऑफसेट + (आत्ताचा कर्सर − सुरुवातीचा कर्सर). प्रत्येक इव्हेंटला थोडं थोडं मिळवत जाण्यापेक्षा हे बरं. मर्यादा लागल्यावर कर्सर पुढे गेला आणि परत आला, तरी चित्र बोटाखालीच राहतं. क्लिक आणि ओढणं वेगळं ओळखायला क्यूअॅप्लिकेशनचं स्टार्टड्रॅगडिस्टन्स वापरा. त्याची मूळ किंमत १० पिक्सेल आहे. तेवढं अंतर ओलांडेपर्यंत ऑफसेट हलवू नका, म्हणजे हात किंचित थरथरला तरी खूण नेमकी पडेल. डाव्या बटणाने खूण आणि मधल्या बटणाने पॅन ठेवलंत तर हा प्रश्नच उरत नाही, पण लॅपटॉपच्या टचपॅडवर मधलं बटण सहज सापडत नाही, म्हणून दोन्ही द्या.

कडेच्या मर्यादा : चित्र × माप खिडकीपेक्षा लहान असेल तर त्या अक्षावर मध्यभागी बसवा. मोठं असेल तर ऑफसेट (खिडकी − चित्र × माप) आणि ० यांच्यामध्ये ठेवा. दोन्ही अक्षांचा निर्णय वेगवेगळा घ्यायचा. रुंद नकाशा आडवा मोठा आणि उभा लहान असू शकतो. मर्यादा लागू झाल्या की कडेजवळ कर्सरखालचा बिंदू थोडा हलणारच. तुम्हाला नकाशाच्या चौकटीवरही खुणा करायच्या असतील, म्हणून दोन्ही टोकांना अर्ध्या खिडकीची सूट द्या. कोपरा खिडकीच्या मध्यावर आणता आला की काम फार सोपं होतं.

निर्देशांक काढताना खालचा पूर्णांक घ्या, म्हणजे फ्लोअर. पायथनचं इंट शून्याकडे कापतं, त्यामुळे −०.४ चं ० होतं आणि चित्राबाहेर पडलेली क्लिक शून्याव्या स्तंभात नोंदवली जाते. फ्लोअरनंतर ० ≤ क्ष < रुंदी तपासा, उंचीचंही तसंच. खुणा नेहमी चित्राच्या निर्देशांकांत साठवा, खिडकीच्या कधीच नको. काढताना खिडकीच्या निर्देशांकांत बदलून ठरलेल्या आकाराची फुली काढा. पिक्सेलच्या मध्यावर फुली हवी तर बदलण्याआधी ०.५ मिळवा. हे राहिलं तर ८०० टक्क्यांना फुली पिक्सेलच्या कोपऱ्यावर बसते आणि वापरणारा गोंधळतो.

धुरकटपणाचा उपाय एका ओळीचा आहे : क्यूपेंटरचं (चित्र काढणाऱ्या क्लासचं) स्मूथपिक्समॅपट्रान्सफॉर्म हे पिक्सेल गुळगुळीत करणारं रेंडरहिंट माप १ पेक्षा कमी असताना चालू ठेवा, २ पासून पुढे बंद. मधल्या पट्ट्यात आवडीप्रमाणे ठरवा. माझं मत बंद ठेवावं असं आहे, मोजमापाच्या प्रोग्रॅममध्ये पिक्सेल चौकोनी दिसलेले बरे.

खिडकीचा आकार बदलला तर ऑफसेटमध्ये (नवा आकार − जुना आकार) ÷ २ मिळवा, मध्य टिकतो. सोबत ‘फिट चालू आहे’ असा एक फ्लॅग ठेवा. तो खरा असेल तर रिसाइझला पुन्हा फिट करा, वापरणाऱ्याने झूम किंवा पॅन केलं की खोटा करा. फिटचं माप म्हणजे रुंदीचं गुणोत्तर आणि उंचीचं गुणोत्तर यातलं लहान. छोटी चित्रं फुगू नयेत म्हणून त्याला १ ची वरची मर्यादा घाला.

प्रश्नकर्ता

उत्तर २ प्रमाणे विजेट लिहिलं. कर्सरखालचा बिंदू आता जागेवर राहतो. दोन गोष्टी शिल्लक आहेत. विंडोजवर डिस्प्ले १५० टक्क्यांवर आहे, तिथे माप १ असतानाही नकाशातली अक्षरं किंचित धुरकट दिसतात. आणि ८०० टक्क्यांना हळू ओढलं की चित्र ओढण्याच्या दिशेने न जाता मागेपुढे थरथरतं. पेंटइव्हेंटमध्ये दिसणारा भाग काढतो, क्यूरेक्टमध्ये टाकतो आणि ड्रॉइमेजने पूर्ण खिडकीवर ताणतो.

उत्तर २

थरथरण्याचं कारण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. दिसणारा भाग समजा १००.३ ते २९९.८ आहे. क्यूरेक्ट पूर्णांकांचा असल्यामुळे तो १०० ते ३०० झाला, पण तुम्ही तो खिडकीच्या ० पासून शेवटपर्यंतच ताणला. ८०० टक्क्यांना ०.३ पिक्सेल म्हणजे खिडकीवर २.४ पिक्सेलची चूक, आणि ओढताना ती सतत बदलते. स्रोत चौकोन पूर्णांकांचाच ठेवा. डावी आणि वरची कड फ्लोअरने, उजवी आणि खालची सीलने, म्हणजे वरच्या पूर्णांकाने, काढा, चित्राच्या हद्दीत छाटा. मग लक्ष्य चौकोन त्या पूर्णांकांवरून पहिल्या सूत्राने पुन्हा काढा : डावी कड = १०० × माप + ऑफसेट. ती खिडकीबाहेर उणे पडली तर पडू दे, क्यूपेंटर छाटतो. लक्ष्य क्यूरेक्टएफमध्ये द्या.

धुरकटपणा डिव्हाइस पिक्सेल रेशोचा आहे. १५० टक्के डिस्प्लेवर क्यूटीचा एक लॉजिकल पिक्सेल म्हणजे पडद्याचे १.५ खरे पिक्सेल. माप १ ठेवलं की चित्राचा एक पिक्सेल दीड खऱ्या पिक्सेलवर पसरतो आणि स्मूथिंग नसेल तर काही स्तंभ दुप्पट जाड होतात. खरे १०० टक्के हवे तर माप = १ ÷ डिव्हाइसपिक्सेलरेशोएफ, इथे ०.६६७. वापरणाऱ्याला दाखवायची टक्केवारी = माप × रेशो × १००. मागच्या उत्तरातल्या पायऱ्या आणि स्मूथिंगची सीमाही याच गुणाकारावर ठरवा. मी तिथे हे लिहायला हवं होतं.

एवढं करूनही अक्षरं किंचित मऊ वाटली तर ऑफसेट अर्ध्या पिक्सेलवर पडत असेल. चित्र काढताना ऑफसेट × रेशो जवळच्या पूर्णांकाला आणा आणि पुन्हा रेशोने भागा. साठवलेला ऑफसेट मात्र दशांशातच राहू दे. त्यालाच गोल केलंत तर सलग झूममध्ये चुका साचत जातात. रेशो प्रत्येक पेंटला वाचा, कारण खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर नेली की तो बदलतो.

पुढे कधी स्क्रोलबार हवे झाले तर क्यूअॅब्स्ट्रॅक्टस्क्रोलएरिया घ्या, पण क्यूपेंटर व्ह्यूपोर्टवर उघडा. विजेटवरच उघडला तर काहीच उमटत नाही, फक्त कन्सोलवर इशारे येतात.

उत्तर ३

तुटक रेषा आणि लाटा यांच्याबद्दल वर कोणी लिहिलं नाही. क्यूपेंटरचं स्मूथ रूपांतर बायलिनिअर आहे, म्हणजे प्रत्येक नव्या पिक्सेलसाठी मूळचे २ × २ पिक्सेल बघतं. १० टक्क्यांना प्रत्येक नव्या पिक्सेलखाली १० × १० असतात, त्यातले ९६ बघितलेच जात नाहीत. एक पिक्सेल जाडीची रेषा त्या चौकटीत आली तर दिसते, नाही आली तर गायब. रेंडरहिंट बदलून हे सुटत नाही.

उपाय पिरॅमिडचा. फाइल उघडल्यावर चित्र अर्धं करा, त्याचं अर्धं, त्याचंही अर्धं, असं मोठी बाजू ५०० च्या आसपास येईपर्यंत. १२००० वरून ६०००, ३०००, १५००, ७५०, ३७५. क्यूइमेजच्या (चित्र मेमरीत ठेवणाऱ्या क्लासच्या) स्केल्ड मेथडला स्मूथट्रान्सफॉर्मेशन दिलं की लहान करताना ती सगळ्या पिक्सेलची सरासरी घेते, तिथे काही सुटत नाही. प्रत्येक स्तर आधीच्या स्तरावरून काढा, दर वेळी मूळ चित्रावरून काढण्यात वेळ वाया जातो.

कोणता स्तर वापरायचा : क = फ्लोअर(लॉग२(१ ÷ खरं माप)), खरं माप म्हणजे रेशोने गुणलेलं. ०.१ ला ३.३२ येतं, म्हणजे तिसरा स्तर, १५०० × १०००, आणि उरलेलं माप ०.८. उरलेलं माप नेहमी ०.५ ते १ मध्ये राहतं आणि तेवढ्याला बायलिनिअर पुरतं. एक सापळा आहे. उंची ८००१ असेल तर पहिला स्तर ४००० चा होतो. तिथे ‘२ चा क वा घात’ वापरलात तर खालची कड सरकते आणि स्तर बदलताना चित्र किंचित उडी मारतं. स्तराची खरी रुंदी आणि उंची भागून दोन्ही अक्षांची गुणोत्तरं काढा.

मेमरीचा हिशोब : मूळ चित्र १२००० × ८००० × ४ = ३८.४ कोटी बाइट. सगळे स्तर मिळून त्याच्या एकतृतीयांशाने वाढ, म्हणजे एकूण ५१ कोटींच्या आसपास. स्कॅन राखाडी असतील तर क्यूइमेज ग्रेस्केल८ मध्ये ठेवा, मूळ चित्र ९.६ कोटींत बसतं. रंगीत असेल तर आरजीबी३२ मध्ये एकदाच बदलून घ्या. प्रत्येक पेंटला रूपांतर करावं लागलं तर ओढणं जड होतं.

आता फाइल उघडणं. क्यूटी ६ मध्ये क्यूइमेजरीडरला एका चित्राच्या मेमरीची मर्यादा असते, सुरुवातीच्या आवृत्त्यांत १२८ मेगाबाइट, नंतरच्यांत २५६. तुमची मोठी फाइल दोन्हींत बसत नाही. रीड रिकामं चित्र परत करतं आणि कारण फक्त कन्सोलवर छापलं जातं. सेटअॅलोकेशनलिमिटने मर्यादा वाढवा. ० दिलं तर मर्यादा उठते, पण अनोळखी फाइली उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तसं करू नका, १०२४ पुरेसं आहे.

फाइल वाचणं आणि पिरॅमिड दोन्ही वेगळ्या थ्रेडमध्ये (मुख्य कामाला समांतर) करा. तिथे क्यूइमेजच वापरा, क्यूपिक्समॅप (पडद्यावर दाखवायच्या चित्राचा क्लास) मुख्य थ्रेडबाहेर सुरक्षित नाही. तयार चित्र सिग्नलने पाठवा आणि सोबत विनंतीचा क्रमांक द्या. वापरणाऱ्याने पहिली फाइल येण्याआधी दुसरी उघडली, तर जुन्या क्रमांकाचं चित्र आलं की टाकून द्यायचं. ही तपासणी नसली तर शीर्षकात एक नाव आणि खिडकीत दुसराच नकाशा दिसतो, आणि मग खुणाही चुकीच्या फाइलवर पडतात.

जेपेगसाठी एक सोय आहे. वाचण्याआधी सेटस्केल्डसाइझ १५०० × १००० दिलं तर डीकोडर एकअष्टमांश मापाला थेट डीकोड करतो, आणि पूर्ण वाचनापेक्षा खूप लवकर पहिलं चित्र दिसतं. मागे पूर्ण चित्र येत राहतं. मात्र पूर्ण चित्राची रुंदी आणि उंची रीडरच्या साइझ मेथडने आधीच विचारून ठेवा आणि सगळा हिशोब त्यावर करा, म्हणजे मोठं चित्र आल्यावर माप आणि ऑफसेट बदलावे लागत नाहीत.

फिरवलेल्या चित्रांचं आत्ताच ठरवा. क्यूइमेजरीडरचं सेटऑटोट्रान्सफॉर्म मुळात बंद असतं, त्यामुळे एक्झिफमध्ये (फाइलमधल्या चित्राच्या माहितीत) ‘९० अंश फिरवा’ लिहिलेलं चित्र आडवं दिसतं. ते चालू केलं तर दिसतं बरोबर, पण मग खुणांचे निर्देशांक फिरवलेल्या चित्राचे असतात, आणि हीच फाइल न फिरवता वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या भलत्याच जागी पडतात. कोणतीही पद्धत चालेल, पण ती खुणांच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.

६०००० × ४०००० सारखं चित्र आलं तर ९.६ गिगाबाइट लागतील, तिथे वरची कोणतीच युक्ती पुरणार नाही. मग लिबव्हिप्स या मोठ्या चित्रांच्या लायब्ररीने एकदा टाइल केलेला पिरॅमिड टिफ बनवून घ्यायचा आणि २५६ × २५६ च्या टाइल लागतील तशा वाचायच्या. १९२० × १०८० च्या खिडकीत उरलेलं माप १ असताना एका वेळी जास्तीत जास्त ९ × ६ म्हणजे ५४ टाइल लागतात. एक टाइल ४ बाइटांनी २५६ किलोबाइट, म्हणजे ५१२ टाइलांचा कॅशे १२८ मेगाबाइट. नव्या विनंत्या आधी पूर्ण करा, जुन्या मागे. ओढताना मागे पडलेल्या टाइल आता कोणाला नको असतात. टाइल येईपर्यंत तिच्या जागी वरच्या स्तराचा तुकडा ताणून दाखवा, पांढरी चौकट दिसू देऊ नका. टाइलांमध्ये केसाएवढ्या फटी दिसल्या तर प्रत्येक टाइलची डावी आणि उजवी कड स्वतंत्रपणे गोल करा. डावी कड गोल करून त्यात गोल केलेली रुंदी मिळवली की फटी पडतात.

उत्तर ४

टीकेइंटरमध्ये (पायथनसोबत येणारी खिडक्यांची लायब्ररी) हेच करणाऱ्यांसाठी थोडं. कॅनव्हसची स्केल मेथड चित्रांना लहानमोठं करत नाही, फक्त त्यांची जागा हलवते. फोटोइमेजचं झूम आणि सबसॅम्पल पूर्णांकांतच चालतं. म्हणून हिशोब उत्तर २ चाच ठेवा आणि दिसणारा भाग पिलो या चित्रांच्या लायब्ररीच्या रिसाइझला बॉक्स म्हणून द्या. बॉक्स दशांशात चालतो, त्यामुळे थरथरण्याचा प्रश्न येत नाही. लहान करताना रिड्यूसिंगगॅप २ दिलं तर वेग बराच वाढतो.

तयार फोटोइमेज ऑब्जेक्टच्या एखाद्या अॅट्रिब्यूटमध्ये धरून ठेवा. फक्त स्थानिक व्हेरिएबलमध्ये असेल तर फंक्शन संपताच पायथन ते साफ करतं आणि कॅनव्हस रिकामा दिसतो. स्कॅनड्रॅगटू (कॅनव्हस ओढणारी मेथड) वापरत असाल तर गेन १ द्या, मूळ किंमत १० असल्यामुळे चित्र दहापट वेगाने पळतं. पिलो ८,९४,७८,४८५ पिक्सेलच्या वर इशारा देतं आणि त्याच्या दुपटीच्या वर फाइल नाकारतं. १२००० × ८००० म्हणजे ९.६ कोटी, तेव्हा इशारा येणार. चाकासाठी विंडोजवर माउसव्हीलचा डेल्टा १२० च्या पटीत येतो, टीके ८.६ मध्ये मॅकवर छोटा आकडा येतो, आणि लिनक्सच्या एक्स११ वर माउसव्हील येतच नाही, बटण ४ आणि ५ बांधावी लागतात.

प्रश्नकर्ता

पिरॅमिड घातला, १० टक्क्यांना रेषा अखंड दिसतात. थरथरणंही गेलं. आता फक्त लॅपटॉपच्या टचपॅडवर दोन बोटं जराशी हलवली की झूम एकदम टोकाला जातो. व्हीलइव्हेंटमध्ये अँगलडेल्टाचा (चाक किती फिरलं त्या आकड्याचा) य धन असेल तर न एकने वाढवतो, नसेल तर एकने कमी करतो.

उत्तर २

साध्या माउसची एक खाच म्हणजे १२०, कारण आकडा अंशाच्या आठव्या भागात असतो आणि खाच १५ अंशांची. टचपॅड सेकंदाला कितीतरी इव्हेंट पाठवतो आणि प्रत्येकात य छोटा असतो, कधी ४, कधी ८. तुम्ही प्रत्येकाला पूर्ण खाच मोजता. चिन्ह न बघता आकडा वापरा :

नवं माप = जुनं माप × २ चा (य ÷ ४८०) वा घात

१२० ला बरोबर जुनीच पायरी येते, ८ ला साधारण १.०१२ पट. पायऱ्यांवर पुन्हा बसवणं फक्त य १२० च्या पटीत असेल तेव्हाच करा.

‘नसेल तर’ हा भागही काढा. बोटं आडवी सरकली किंवा ऑल्ट दाबून चाक फिरवलं तर आकडा क्ष मध्ये येतो आणि य शून्य असतो. तुमचा कोड त्याला झूम आउट समजतो. य शून्य असेल तर लगेच परत फिरा.

मॅकवर बोटं उचलल्यावरही काही वेळ इव्हेंट येत राहतात. त्यांची फेज स्क्रोलमोमेंटम असते, झूमसाठी त्या सोडून द्या. चिमटीने झूम हवा असेल तर विजेटच्या इव्हेंट मेथडमध्ये क्यूनेटिव्हजेश्चरइव्हेंट पकडा. प्रकार झूमनेटिव्हजेश्चर असेल तर गुणक = १ + व्हॅल्यू, आणि कर्सरच्या जागी त्या इव्हेंटची पोझिशन घेऊन तेच सूत्र.